‘पार्श्वभूमी काढा’ : छायाचित्र-संपादनाच्या विनामूल्य साधनांतील मराठी

संगणकाच्या पडद्यावर छायाचित्रांची दुरुस्ती करणारी जी साधने आंतरजालावर विनामूल्य मिळतात, त्यांचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. त्यांच्या योगे काय काय साधते हे तंत्राचे जाणकार सांगतात. आणि छायाचित्राच्या साक्षीवर यापुढे कितपत विश्वास ठेवावा याची चिंता वृत्तपत्रांचे लेखक वाहतात. भाषेच्या अभ्यासकाने या साधनांकडे वळून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः क्रियापदांचा इतका दाट वापर दुसऱ्या साधनांत क्वचितच आढळेल. छाटा, फिरवा, उजळा, पुसा, झाका, चिकटवा अशा आज्ञांची येथे माळच गुंफलेली असते, आणि साधनाचे सारे कार्य या आज्ञांच्या द्वारा घडते. जो मराठी भाषक ते हाताळतो त्याच्यापुढे या आज्ञा कोणत्या मराठीत येतात, आणि त्याने चित्रावर लिहिलेली मराठी त्या साधनाच्या हाती कशी राहते, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय होत. दोहोंचे उत्तर एकाच दोषापाशी येऊन मिळते. आपण कोणत्या भाषेशी व्यवहार करीत आहोत हे या साधनाला कोणी सांगितलेलेच नसते.

प्रथम ‘विनामूल्य’ या विशेषणाचा उलगडा केला पाहिजे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात ‘पैसे न पडणारे’ आणि ‘बंधन नसलेले’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यामुळे १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा भेद पुनःपुन्हा समजावून सांगावा लागला. मराठीला ही अडचण नाही. ‘फुकट’, ‘मोफत’, ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे चार शब्द तिच्या पदरी आहेत आणि चौघांची कामे निराळी आहेत. ‘मोफत’मध्ये देणाऱ्याचा उपकार सूचित होतो, ‘विनामूल्य’ हा सूचनाफलकावरचा शब्द आहे, ‘फुकट’ला व्यर्थतेची छटा आहे (श्रम फुकट गेले असे आपण म्हणतो), आणि ‘मुक्त’ शब्दाचा पैशाशी संबंधच नाही. ही विभागणी साधनांना लावून पाहिली की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी रचलेले आणि १९९६ मध्ये लोकांच्या हाती आलेले ‘गिंप’ हे मुक्त साधन होय. ते संगणकावर उतरवून घ्यावे लागते. परंतु त्याची संहिता उघडी असल्यामुळे त्यात कोणासही आपल्या भाषेतील शब्द घालता येतात आणि वाईट शब्द बदलता येतात. इव्हान कुत्स्किर यांनी २०१३ मध्ये चालू केलेले ‘फोटोपी’ थेट न्याहाळकात चालते, चित्र वापरणाऱ्याच्या संगणकाबाहेर जात नाही, आणि त्याचा खर्च जाहिरातींवर भागतो. ते मोफत आहे. त्या अर्थाने मुक्त मात्र नव्हे. २०१३ मध्येच अवतरलेले ‘कॅन्व्हा’ अंशतः मोफत आहे, उरलेल्यासाठी वर्गणी पडते. ‘पिकनिक’ या साधनाची कथा तर ‘फुकट’ या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी पुरी होते: २००५ मध्ये निघालेले हे लोकप्रिय साधन २०१० मध्ये गूगलने विकत घेतले आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये बंद केले. त्यावर बसलेला हजारोंचा हात फुकट गेला.

भाषेच्या दृष्टीने या भेदाचा परिणाम उघड आहे. मुक्त साधनातील मराठी वाईट असेल तर तो दोष मराठी भाषकांच्या माथी येतो, कारण ती सुधारण्याची मोकळीक त्यांना आहे. मोफत साधनातील मराठी वाईट असेल तर ती सोसण्यापलीकडे वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नाही.

आता मूळ क्रियेचे नाव. ‘एडिट’ला रूढ प्रतिशब्द ‘संपादन’ हा आहे आणि साधनांच्या मराठी पडद्यांवर तोच दिसतो. वृत्तपत्राच्या संपादकापासून तो घेतला गेला असावा. परंतु मराठीत ‘संपादन करणे’ याचा आणखी जुना आणि आजही जिवंत असा अर्थ ‘मिळविणे’ हा आहे: ज्ञानसंपादन, भूसंपादन, विश्वास संपादन करणे. ‘छायाचित्र संपादन करा’ हे वाक्य कोऱ्या मनाने वाचणाऱ्यास ‘छायाचित्र मिळवा’ असाही बोध होऊ शकतो. चित्रपटव्यवसायाने ही अडचण ‘संकलन’ हा शब्द योजून टाळली. पण संकलनात तुकडे जोडणे असते, एकाच चित्रावर हात फिरविणे नसते, म्हणून तो येथे चालत नाही. काही जण सुचवितात तो ‘संस्करण’ हा शब्द व्युत्पत्तीने सरस आहे, तथापि हिंदीत तो ग्रंथाच्या आवृत्तीला रूढ झालेला असल्याने घोटाळ्यात भर पडते. गावोगावच्या छायाचित्रकारांनी ‘टचिंग’ हा शब्द पूर्वीच स्वीकारलेला होता. काचेवरील वा फितीवरील उलट्या प्रतिमेवर बारीक शिसपेन्सिलीने सुरकुत्या भरून काढणे हे टचिंग, आणि तो शब्द क्रियेला अगदी नेमका बसतो. तो आजच्या पडद्यांवर कोठेही दिसत नाही. प्रतिशब्द योजणाऱ्यांना बहुधा कोशातील शब्द ठाऊक असतात, दुकानातील नसतात.

यापेक्षा गंभीर प्रश्न रूपांचा आहे. इंग्रजीतील ‘क्रॉप’, ‘ब्लर’, ‘फिल्टर’, ‘कॉपी’ हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही, आणि क्रियापद म्हणून ते आज्ञार्थी आहेत की केवळ धातुरूप आहेत हेही रूपावरून कळत नाही. कोण कोणास सांगत आहे हा प्रश्न त्या भाषेत उपस्थितच होत नाही. मराठीत तो टाळता येत नाही. ‘कातर’, ‘कातरा’, ‘कातरणे’, ‘कातरावे’ यांतील एक रूप निवडावेच लागते, आणि निवडले की बोलणारा व ऐकणारा हे दोघेही वाक्यात येऊन उभे राहतात. आज बहुतेक सर्व मराठी पडद्यांनी ‘करा’ हे आदरार्थी रूप पत्करले आहे: ‘क्रॉप करा’, ‘जतन करा’, ‘रद्द करा’. येथे आज्ञा देणारा वस्तुतः मनुष्य आहे आणि ती पाळणारे यंत्र. मनुष्याने यंत्राला ‘करा’ म्हणावे हा विनय मराठीच्या स्वभावात नाही. आपण बैलालाही ‘चल’ म्हणतो. परिणामी वाचणाऱ्यास तेच वाक्य उलट दिशेने ऐकू येते: यंत्रच त्याला सांगते की, कातरा. पहिल्यांदाच साधन हाताळणारी वयस्क व्यक्ती ‘पार्श्वभूमी बदला’ असे वाचून आपण आता काय बदलायचे अशा विचारात पडली, तर ती चूक तिची नव्हे, रूपाची होय. हिंदीने ‘सहेजें’ यासारखे रूप घेऊन हा ताण थोडा सैल केला आहे. मराठीत ‘-णे’ हे रूप त्याहून सोयीचे पडले असते. जुन्या पाककृतींत ‘कांदा बारीक चिरून घेणे’ असे लिहीत. त्यात हुकूमही नाही आणि विनंतीही नाही, कृतीचे केवळ नाव आहे. साधनाच्या पट्टीवर हवे असते ते हेच. ‘कातरणे’, ‘फिरविणे’, ‘उजळणे’, ‘झाकणे’ ही चार नावे एकाखाली एक लिहिली तर त्यांचा अर्थ कळायला कोणासही अडचण पडू नये.

अर्थाच्या निवडीचे दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. ‘सेव्ह’ला मायक्रोसॉफ्टच्या मराठीत ‘जतन करा’, ग्नोम या मुक्त प्रणालीच्या मराठीत ‘साठवा’, आणि गूगलच्या मराठीत ‘सेव्ह करा’ असे तीन पर्याय दिसतात. ‘साठवा’ हे धान्याचे आणि पाण्याचे क्रियापद आहे. त्यात ढिगात भर पडते. ‘जतन करणे’ म्हणजे जसे आहे तसे सांभाळणे. पण छायाचित्राच्या बाबतीत मूळ नावानेच ‘जतन’ केले की मूळ चित्र नाहीसे होते आणि त्याच्या जागी बदललेले बसते. ज्या क्रियेने मूळ वस्तू पुसली जाते तिलाच ‘जतन’ म्हणावे हा अर्थाचा उफराटा प्रकार होय, आणि आजीचा एकुलता एक जुना फोटो ‘जतन’ करून गमावण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. दुसरा नमुना ‘अनडू’चा. ‘पूर्ववत करा’ हा सरकारी वळणाचा शब्द, तर गूगलच्या पडद्यांवरील ‘पहिल्यासारखे करा’ हा बोलीला जवळचा. यातील दुसऱ्याचे स्वागत करावेसे वाटते. परंतु ती आज्ञा एकच पाऊल मागे नेते, आणि ‘पहिल्यासारखे’ म्हटले की मराठी माणूस अगदी आरंभीच्या स्थितीची अपेक्षा करतो. आरंभापर्यंत नेणारी आज्ञा निराळी असते आणि हा शब्द खरा तिच्या वाट्याचा.

अशा चुका अनुवादकांच्या अज्ञानातून होतात असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचे मूळ अनुवादाच्या पद्धतीत आहे. मुक्त साधनांत पडद्यावरची वाक्ये एका यादीत काढलेली असतात: एका ओळीत इंग्रजी, तिच्याखाली अनुवादासाठी रिकामी ओळ. हजारो ओळींच्या या यादीत शब्द पडद्यावर कोठे येणार, तो नाम आहे की क्रियापद, त्याच्या मागेपुढे काय आहे, यांपैकी काही दिसत नाही. शिवाय एकसारख्या दोन इंग्रजी ओळींची यादीत एकच ओळ होते. संदर्भाची खूण मुद्दाम जोडली असेल तरच त्या निराळ्या राहतात. म्हणजे ‘कॉपी’ ही आज्ञा आणि ‘कॉपी’ ही प्रत या दोघींना इंग्रजीच्या सोयीसाठी एकच मराठी शब्द पुरवावा लागतो. लिंगाचाही असाच गोंधळ. ‘अमुक काढले’ असे वाक्य यंत्र जुळविते तेव्हा त्या ‘अमुक’च्या जागी पुल्लिंगी फोटो येईल, स्त्रीलिंगी प्रतिमा येईल, की नपुंसकलिंगी चित्र येईल, हे अनुवादकाला आधी कळत नाही, मग सर्वत्र नपुंसकलिंग बसविले जाते आणि ‘फोटो काढले’ असे वाक्य तयार होते, जे एका फोटोविषयी असताना अनेकांविषयी वाटते. भाषा संचालनालयाने १९६० पासून पारिभाषिक शब्दांचे जे कार्य केले त्यालाही शब्द सुटा उचलण्याची हीच मर्यादा होती, परंतु कोशात ती खपून जाते. पडद्यावर शब्द म्हणजे हत्यार असते आणि हत्याराची मूठ उलटी बसली की काम अडते.

या परिभाषेचे मूळ कोठे आहे हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्या जवळपास सर्व विनामूल्य साधनांनी आपले शब्द ‘फोटोशॉप’कडून उचलले आहेत. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी रचलेल्या त्या साधनाची पहिली आवृत्ती १९९० मध्ये विक्रीस आली, आणि तिने आपले शब्द छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीतून घेतले होते. कागदावर छाप घेताना एखाद्या भागावर हात वा पुठ्ठा धरून प्रकाश अडविला की तो भाग फिका राहतो. त्या क्रियेला इंग्रजीत ‘डॉज’ म्हणत. उलट एखाद्या भागावर अधिक वेळ प्रकाश पाडून तो गडद करणे म्हणजे ‘बर्न’. हे दोन शब्द ‘चुकवा’ आणि ‘जाळा’ असे उतरविले तर ते हास्यास्पद होतील हे सांगावयास नको. पण ‘डॉज करा’ आणि ‘बर्न करा’ असे ठेवले तरी ज्याने अंधारी खोली कधी पाहिली नाही त्याला ते तितकेच निरर्थक आहेत. ‘फिके करणे’ आणि ‘गडद करणे’ हे शब्द रस्त्यावर पडलेले आहेत. सर्वांत मौजेचे उदाहरण ‘अनशार्प मास्क’ या आज्ञेचे. तिचे नाव ‘अस्पष्ट मुखवटा’ असे काहीसे आहे आणि तिचे काम चित्र अधिक रेखीव करण्याचे आहे. मूळ प्रतिमेची मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत तिच्याशी जुळवून ठेवायची आणि त्या जोडीतून छाप घ्यायचा, म्हणजे कडा उठून दिसतात, अशी ती जुनी युक्ती होती. नाव साधनाचे आहे, फलाचे नाही. इंग्रजी वाचकालाही ते कोड्यासारखेच वाटते. मग मराठीने ते कोडे शब्दशः वाहून आणण्याची गरज काय?

शब्द आणावयाचे तर ते आणण्यासारखी जागा घरातच आहे. शिंपी, रंगारी आणि गृहिणी यांच्या क्रियापदांत या साधनाचे निम्मे काम सामावते. चित्रातील ओरखड्यावर आजूबाजूच्या पोताशी मिळतेजुळते ठिपके भरणाऱ्या हत्याराला इंग्रजीत जखम बरी करण्याची उपमा दिलेली आहे. मराठीत त्याला ‘रफू’ म्हणावे. रफूगार कापडाच्याच वळणाचे धागे घेऊन भोक भरतो, इतके ते साम्य तंतोतंत आहे. दुसरीकडचा तुकडा उचलून येथे बसविणे म्हणजे ‘ठिगळ’. आकृतीची कड हळूहळू नाहीशी करणे याला इंग्रजीत पिसाची उपमा आहे. मराठीत ‘कड विरविणे’ म्हटले तर पिसाची आठवण नाही झाली तरी चालेल. ‘लेयर’ला ‘स्तर’ म्हणण्याची प्रवृत्ती दिसते ती मात्र टाळावी, कारण छाया-प्रकाशाच्या पातळ्या कमीजास्त करणारे ‘लेव्हल्स’ नावाचे हत्यार त्याच पट्टीत शेजारी असते आणि ‘स्तर’ शब्द दोघांवरही हक्क सांगतो. ‘थर’ हा शब्द मोकळा आहे आणि तो एकावर एक चढतो. (खालचे दिसू देणारा पातळ थर म्हणजे खरे तर पापुद्रा, पण एवढे धाडस कोणी करील असे वाटत नाही.)

लोकव्यवहाराने हे काम स्वतःपुरते केलेलेही आहे. फलक छापणाऱ्यांच्या आणि तरुणांच्या तोंडी ‘फिल्टर लावणे’, ‘नाव टाकणे’, ‘बॅकग्राउंड उडविणे’ असे प्रयोग ऐकू येतात. नाम इंग्रजी आहे, पण त्याला जोडलेले क्रियापद भाषेने विचारपूर्वक निवडलेले आहे. पावडर लावतात, कुंकू लावतात, तसा फिल्टर लावतात: तो वरून येतो आणि पुसता येतो. कोरड्या ‘करा’पेक्षा यात अर्थ अधिक आहे. शुद्धतेच्या आग्रहाने इंग्रजी नाम बदलून त्याच्यामागे ‘करा’ जोडणाऱ्या पडद्यापेक्षा इंग्रजी नाम तसेच ठेवून ‘लावा’ म्हणणारा पडदा अधिक मराठी आहे असे म्हणणे भाग आहे.

आता ज्या आज्ञेवरून या लेखाला नाव दिले तिच्याकडे वळावे. चित्रातील मनुष्य ठेवून त्याच्यामागील सर्व काही नाहीसे करणे ही विनामूल्य साधनांची आज सर्वाधिक मागणी असलेली क्रिया होय. व्हिएन्ना येथील कालायडो या संस्थेने २०१८ च्या अखेरीस केवळ याच एका कामासाठी ‘रिमूव्ह डॉट बीजी’ हे साधन काढले, आणि २०२१ मध्ये कॅन्व्हाने ती संस्थाच घेतली. या क्रियेचा सरळ मराठी अनुवाद ‘पार्श्वभूमी काढा’ असा होतो. त्यात एकही शब्द कठीण नाही, आणि तरीही ती आज्ञा दुहेरी आहे. मराठीत डाग काढतात आणि चित्रही काढतात; काटा काढतात आणि रांगोळीही काढतात. पहिल्या जोडीत वस्तू जाते, दुसऱ्या जोडीत ती येते. ‘काढणे’ या धातूचा मूळ अर्थ आतून बाहेर आणणे हा होय. वस्तू जेथून निघाली त्या जागेवर लक्ष असेल तर ती नाहीशी झाली असे वाटते, जेथे पोचली त्या जागेवर असेल तर ती प्रकट झाली असे वाटते. ‘फोटो काढणे’ हा प्रयोग दुसऱ्या वर्गातला. तेव्हा ‘फोटो काढा’ आणि ‘पार्श्वभूमी काढा’ या दोन आज्ञा एकाच पट्टीवर आल्या तर एकीने काही मिळते आणि दुसरीने काही जाते, आणि हे रूपावरून ओळखण्याची सोय नाही.

मराठीने यावर उपायही ठेवलेला आहे. तो सहायक क्रियापदांचा. ‘काढून टाकणे’ म्हटले की त्याग निश्चित होतो, ‘काढून घेणे’ म्हटले की प्राप्ती. येथे एक सुंदर गोष्ट घडते. पार्श्वभूमी काढून टाकणे आणि माणूस काढून घेणे ही यंत्राच्या दृष्टीने एकच क्रिया आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हेतू दोन आहेत. लग्नपत्रिकेवर वराचे चित्र बसवू पाहणाऱ्यास माणूस काढून घ्यावयाचा असतो; पारपत्रासाठी पांढरी पाठ हवी असलेल्यास मागचे काढून टाकावयाचे असते. इंग्रजीला त्यासाठी दोन स्वतंत्र धातू लागतात. मराठीत एकाच धातूला दोन शेपट्या लावून काम होते, आणि क्रिया मुळात एक आहे हेही त्यातून कळते. सुटे शब्द उतरविणाऱ्या यादीत ही शेपटी प्रथम गळते, कारण इंग्रजी ओळीत तिच्याजोगे काही नसते.

अलीकडे आज्ञा निवडण्याऐवजी ती वाक्यात लिहून वा बोलून देण्याची सोय काही साधनांत आलेली आहे. तेथे या धातूचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ‘मागे झाड काढ’ आणि ‘मागचे झाड काढ’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात ‘मागे’ हे क्रियाविशेषण आहे, झाड अद्याप नाही, ते काढावयाचे म्हणजे रेखाटावयाचे. दुसऱ्यात ‘मागचे’ हे विशेषण आहे, झाड तेथे आहेच, ते काढावयाचे म्हणजे नाहीसे करावयाचे. ‘या फोटोवर मिशा काढ’ आणि ‘या फोटोतल्या मिशा काढ’ यांतील अंतर तर कोणाही मराठी मुलाला हसत हसत कळेल. अर्थ धातूत नाही; तो ‘वर’ आणि ‘तल्या’ यांच्यात, म्हणजे शब्दयोगी अव्ययात आणि प्रत्ययात आहे. मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग समजून घेणाऱ्या यंत्राने हे प्रत्यय हलकेच घेतले तर मिशा असलेल्यास त्या दुप्पट मिळतील. मराठीतील आज्ञा तपासून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभ येथून करावा; ‘काढणे’, ‘लावणे’, ‘टाकणे’ आणि ‘घालणे’ ही चार क्रियापदे वेगवेगळ्या प्रत्ययांसह घेतली तरी एका प्रबंधिकेला पुरेल एवढी सामग्री हाती लागेल.

येथवर साधनाने वापरलेल्या मराठीचा विचार झाला. आता साधनाच्या हाती दिलेल्या मराठीचा. वाढदिवसाचे फलक, लग्नाची आमंत्रणे, श्रद्धांजलीचे संदेश हे सर्व आज छायाचित्रावर अक्षरे चढवूनच तयार होतात. अक्षरे एकदा चित्रात मिसळून जतन झाली की ती अक्षरे राहत नाहीत, ठिपके होतात. त्यांतील चूक दुरुस्त करता येत नाही, ती जशीच्या तशी हातोहात फिरते. यास्तव अक्षर चित्रावर उमटते त्या क्षणी ते बरोबर असणे याला महत्त्व आहे.

देवनागरी लेखनात साठविण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. ‘कि’मधील ऱ्हस्व इकार ‘क’नंतर साठविला जातो आणि ‘क’च्या आधी दिसतो, ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या आधी साठविला जातो आणि त्याच्या डोक्यावर बसतो. हे स्थलांतर करून देणारा एक स्वतंत्र दुवा साधनात असावा लागतो. बेहदाद एस्फाबोद यांनी घडविलेला ‘हार्फबझ’ हा असा मुक्त दुवा आहे. क्रोम आणि फायरफॉक्स हे न्याहाळक त्याच्यावर चालतात. त्याचे नाव फारसी आहे, आणि त्यातील पहिला अवयव म्हणजे अक्षरवाचक ‘हर्फ’. फोटोपीच्या कर्त्याने अक्षरे रेखाटण्यासाठी ‘टाइपर’ नावाचा आपला छोटा संच लिहिला आणि त्याला हार्फबझ जोडण्याची सोय केली, ही त्याच्या श्रेयाची बाब होय. जेथे असा दुवा नाही, किंवा असून वापरला जात नाही, तेथे ‘सूर्य’ हा शब्द ‘सू’, पाय मोडलेला ‘र्’ आणि ‘य’ असा तीन तुकड्यांत उभा राहतो. अक्षरे कमानीवर बसविण्याची हौस याला विशेष कारण होते, कारण त्या वेळी काही साधने शब्द एकसंध न घेता एकेक चिन्ह सुटे उचलून वळणावर ठेवतात. अक्षरांतील अंतर वाढविण्याची युक्ती रोमन लिपीत डौलदार दिसते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्या फणीसारखा दिसतो. फलकाच्या दुकानांतून अजून चालणाऱ्या युनिकोडपूर्व टंकांची अडचण आणखी निराळी. त्यांत मराठी अक्षर रोमन चिन्हाच्या जागेवर बसविलेले असल्यामुळे तेथील मजकूर या साधनात चिकटविला की रोमन चिन्हांचा निरर्थक सडा पडतो.

परंतु तुटलेले अक्षर निदान डोळ्यांत भरते. न दिसणारी चूक अधिक घातक. मराठीत अर्ध्या ‘र’ची दोन रूपे अर्थभेदक आहेत: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना बोलावणे’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावणे’ यांतील एक निमंत्रण विद्वानांना आहे आणि दुसरे स्वयंपाक्यांना. युनिकोडमध्ये या दुसऱ्या रूपाची रीतसर तरतूद आहे. तथापि शोभेचे पुष्कळ टंक हिंदीचा बाजार समोर ठेवून घडविलेले असतात, आणि हिंदीला हे रूप लागत नसल्याने ते त्यांत नसते किंवा वाकडेतिकडे उमटते. टंकांच्या लांबलचक यादीतून सुबक दिसणारा टंक निवडणाऱ्या मराठी माणसाला हे आधी कळण्यास मार्ग नाही. यादीत हे सर्व टंक ‘हिंदी’ वा ‘देवनागरी’ या एकाच मथळ्याखाली असतात.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही असेच. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने मराठी लेखनात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा अवलंब करण्याचे ठरविले. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकात ही दोन्ही वळणे आधीपासून भरलेली आहेत. परंतु मजकूर मराठी आहे असे टंकाला कळविले तरच ती बाहेर येतात, एरवी हिंदी वळण उमटते. मजकुराच्या चौकटीत टंकाचे नाव, आकार, रंग, सावली, दोन ओळींमधील अंतर हे सारे विचारले जाते. भाषा मात्र बहुतेक विनामूल्य साधनांत विचारली जात नाही. ‘तिरो देवनागरी’ हा टंक रचणाऱ्यांनी यातून वेगळी वाट काढली. त्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी त्याची तीन स्वतंत्र कुटुंबे करून ती विनामूल्य उपलब्ध केली आहेत; म्हणजे ‘तिरो देवनागरी मराठी’ हे नाव यादीतून निवडले की भाषा निराळी सांगावी लागत नाही.